रायगड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची गुणवत्ता व विद्यार्थीकल्याण

रायगड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची गुणवत्ता व विद्यार्थीकल्याण या विषयात प्रामुख्याने रायगड जिल्हा परिषदेच्या शाळांतून राबवल्या जाणाऱ्या अध्ययन, आहार, आरोग्य व उपस्थितीविषयक उपाययोजनांचा समावेश होतो. या योजना मुख्यतः राज्य व केंद्र शासनाच्या असून त्यांची अंमलबजावणी जिल्हा परिषद करते. किनाऱ्यावरील कोळीवाडे, डोंगरातील आदिवासी वाड्या आणि पनवेल-उरणचा औद्योगिक पट्टा अशा भिन्न परिस्थितींतील मुलांना वर्षभर शाळेत टिकवून ठेवणे, हा या जिल्ह्यातील शैक्षणिक नियोजनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रशासकीय रचना

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे; १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्यात १५ तालुके असून मुख्यालय अलिबाग येथे आहे.

जिल्हा स्तरावर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुका स्तरावर गटशिक्षणाधिकारी, बीट स्तरावर विस्तार अधिकारी आणि शाळांच्या गटासाठी केंद्रप्रमुख अशी पर्यवेक्षणाची उतरंड आहे. शिक्षक प्रशिक्षणाची जबाबदारी पनवेल येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात.

अध्ययन गुणवत्तेचे कार्यक्रम

राज्य शासनाने २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू केला. शिक्षकाने अभ्यासक्रम पूर्ण केला की नाही यापेक्षा प्रत्येक मूल शिकले की नाही, हे पाहण्यावर त्याचा भर होता. वर्षारंभी पायाभूत चाचणी आणि नंतर संकलित मूल्यमापनाच्या चाचण्या घेऊन मागे पडलेल्या मुलांना अतिरिक्त मार्गदर्शन देणे, ही त्याची कार्यपद्धती होती.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले. इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणिती क्रिया करता याव्यात, हे त्याचे उद्दिष्ट असून ते साध्य करण्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवण्यात आली.

आहार व आरोग्य

शालेय पोषण आहार योजना १९९५ मध्ये सुरू झाली. आरंभी विद्यार्थ्यांना दरमहा तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न देण्याची पद्धत रूढ झाली. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. पहाटे मासळी बाजार गाठणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या मातांच्या मुलांसाठी दुपारचे हे भोजन विशेष उपयुक्त ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (२०१३ पासून) वैद्यकीय पथके शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा तपासणी करतात. दृष्टिदोष, श्रवणदोष, रक्तक्षय व जन्मजात व्यंगे यांचे निदान करून मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते.

स्थलांतरित कुटुंबांतील मुले

रायगडमधील कातकरी हा केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदवलेला समाज आहे. भातकापणीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. परिणामी या मुलांचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते; पायाभूत चाचणीस हजर असलेले मूल अखेरच्या चाचणीस नसते. चाचणीची सरासरी केवळ उपस्थित मुलांची असल्याने तिच्यातील वाढ ही सर्व मुलांची प्रगती मानता येत नाही. याच काळात ही मुले शालेय आहार व आरोग्य तपासणीलाही मुकतात.

यावर तीन प्रकारचे उपाय योजले गेले आहेत. पहिला, पालक कामावर गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे. दुसरा, स्थलांतराच्या ठिकाणी कागदपत्रांअभावी प्रवेश अडू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड. तिसरा, कामाच्या ठिकाणीच शाळा: तत्कालीन ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी होय. याशिवाय आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा असून जिल्ह्यासाठी पेण येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे.

कमी पटाच्या शाळा

महाड, पोलादपूर, म्हसळा या भागांतील कुटुंबे मुंबई व उपनगरांत स्थायिक होत गेल्याने तेथील अनेक गावांतील शाळांचा पट घटला आहे. ६० पर्यंत पटासाठी दोन शिक्षक असावेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे मानक आहे. मात्र दोनच शिक्षकांना पाच इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात. राज्य शासनाने २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय घेतला, तर २०२३ मध्ये समूहशाळांची कल्पना मांडली. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक, सोबती व सुविधा मिळतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे. पावसाळ्यात ओढे व घाटवाटा ओलांडाव्या लागणाऱ्या मुलांची, विशेषतः मुलींची, शाळा सुटेल, असा आक्षेप शिक्षक संघटना व कार्यकर्त्यांनी घेतला. प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, या नियमाकडे ते लक्ष वेधतात.

आपत्तींचा परिणाम

कोविड साथीमुळे मार्च २०२० पासून शाळा बंद असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग आदी तालुक्यांत घरांबरोबरच शाळांची छपरे उडाली आणि वीज व दूरसंचार सेवा दीर्घकाळ खंडित झाली. त्यामुळे ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या राज्यव्यापी मोहिमेतील दूरस्थ शिक्षण येथील मुलांसाठी अधिकच कठीण झाले. मागील इयत्तेतील उणीव भरून काढण्यासाठी राज्याने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला.

मूल्यमापन

या उपाययोजनांचे यश केवळ चाचणीतील गुणांवरून ठरवता येत नाही. वर्षारंभी पटावर असलेल्या मुलांपैकी किती मुले वर्षाअखेरीस शाळेत आहेत, स्थलांतरित झालेल्यांपैकी किती जणांना अन्यत्र प्रवेश मिळाला आणि तपासणीत दोष आढळलेल्यांपैकी किती जणांवर उपचार झाले, या नोंदी गुणांच्या जोडीने पाहिल्यास जिल्ह्यातील परिस्थितीचे अधिक विश्वसनीय चित्र मिळते.