वाडा विकणे आहे : एका जाहिरातीमागचा इतिहास

१/ "जुना चौसोपी वाडा, परसबाग, विहीर व गोठ्यासह विकणे आहे." अशा धाटणीच्या जाहिराती आता गावोगावच्या वाड्यांविषयी दिसू लागल्या आहेत. खरेदीदार त्यात क्षेत्रफळ आणि सागवान शोधतो. वास्तविक या एका ओळीतील प्रत्येक शब्दामागे महसूल, जात, कायदा आणि कागद यांचा इतिहास आहे. देशावरचा वाडा कशाच्या बळावर उभा राहिला आणि आज विकायला का निघतो, हे सांगणारा हा धागा.

२/ प्रथम जागा. जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग पडत. पिकाऊ जमीन ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. पांढऱ्या मातीच्याच भिंती घालत. घर पडले की ती माती पुन्हा जमिनीत मिसळे व तिच्यावर नवे घर उठे. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ प्राचीन वसाहतींच्या टेकाडांना आजही 'पांढरीचे टेकाड' म्हणतात.

३/ आता बांधणी. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये मातीच्या वा विटांच्या जाड भिंती. दोन खांबांमधले अंतर म्हणजे 'खण', आणि घराचे माप या खणांत सांगत. पावसाळी पट्ट्यात वर कौले; मराठवाडा, सोलापूरकडे मातीचे सपाट 'माळवद'. भार मुख्यतः लाकडावर असे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येईल.

४/ मांडणी पाहिली तर वाडा हे केवळ घर नव्हते. दिंडी दरवाजा, पहारेकऱ्याची देवडी, मग चौक आणि समोर सदर. सदर म्हणजे कचेरीच. तेथे साऱ्याचा हिशेब होई, तंटे ऐकले जात, पाहुण्यांशी बोलणी चालत. तिच्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माडी. गावचा कारभार आणि घरचा संसार यांमध्ये फक्त एक भिंत असे.

५/ हीच मांडणी सामाजिक उतरंडही दाखवते. कोणी देवडीबाहेर थांबायचे, कोणी चौकापर्यंत यायचे, कोणी सदरेवर बसायचे, हे जातीने ठरे. घरच्या स्त्रियांचा वावर माजघर आणि परसापुरता राही. अनेक दलितांसाठी वाड्याचा दरवाजा म्हणजे बिनमोबदला राबण्याचे, वेठबिगारीचे ठिकाण होते. कोरीव खांबांच्या छायाचित्रांत ही बाजू दिसत नाही.

६/ जाहिरातीतील 'परसबाग' ही शोभेची बाग नसे. न्हाणीचे सांडपाणी केळी-अळूला, पलीकडे लिंबू, कढीलिंब, शेवगा. देवपूजेसाठी जास्वंद आणि प्राजक्त. जवळच गोठा, कडब्याची गंज, गोवऱ्यांचा साठा, सरदाराचा वाडा असल्यास घोड्यांची पागा. पाणी, शेण, राख यांतले काही वाया जात नसे. ज्या जागेला आज 'मोकळी जागा' म्हणतात, ती वाड्याची सर्वांत कामाची जागा होती.

७/ धान्यासाठी भिंतीत 'बळद' किंवा जमिनीखाली 'पेव' असे. इतक्या साठवणुकीचे कारण एका कुटुंबाची भूक नव्हे. बलुतेदारांचा मोबदला, गडीमाणसांचे पोट, दुष्काळातील उसनवार हे सारे धान्यात चाले. ज्याच्या पेवात दाणा, त्याच्या शब्दाला गावात वजन.

८/ एवढ्या पसाऱ्याचा खर्च निघे तो वतनातून. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वंशपरंपरागत पदे होती. त्यांच्यासोबत इनाम जमीन, उत्पन्नातील हक्क आणि मानपान मिळत. वाडा हे त्या वतनाचे दृश्य रूप. शाकारणी, वाळवी, गळती यांची काळजी घेणारी माणसे वतनाच्या धान्यावर जगत. हा आधार निघून गेला की वाड्याचे काय होईल, हे येथेच कळून येते.

९/ विक्रीही नवी नाही. शिवपूर्वकाळापासूनच्या मराठी कागदांत दुष्काळ, कर्ज वा साऱ्याची थकबाकी यांपायी निम्मी पाटीलकी विकल्याची उदाहरणे सापडतात. अशा खतात पैशाबरोबर मानाचीही वाटणी नोंदवली जाई : होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे. त्या काळी घरापेक्षा हक्क महाग होता. आज नेमके उलटे आहे.

१०/ हक्क कागदावर अवलंबून, म्हणून वाड्यात कागद जिवापाड जपला जाई. सनदा, महजर, खरेदीखते, हिशेब, बहुतेक सारे मोडी लिपीत. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांना हक्काचा पुरावा मागितला जाऊ लागला. पुरावा न पटल्याने अनेकांची इनामे गेली. माळ्यावरचे बासन हा तेव्हा तिजोरीचाच भाग होता.

११/ याचे ठळक उदाहरण वाईजवळचे मेणवली. हे गाव नाना फडणवीसांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. कृष्णाकाठी त्यांनी वाडा, घाट आणि मंदिरे उभारली. घाटावर आजही पोर्तुगीज घंटा आहे. ती १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण मानली जाते. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटामुळे हा परिसर तरुणांना ओळखीचा आहे.

१२/ पण मेणवलीचे खरे धन लाकडात नव्हते. तेथे राहिलेले नानांचे कागद 'मेणवली दप्तर' म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचा मोठा भाग इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांच्याकडे आला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. उत्तर पेशवाईचे राजकारण समजण्यासाठी अभ्यासक त्यांच्याकडे वळतात. एका गावातल्या घरात कागद टिकले, म्हणून हे घडले.

१३/ वि. का. राजवाडे यांचे कार्यही असेच सुरू झाले. वाईतील एका घरी मिळालेल्या पत्रांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पानिपतपूर्व काळावर नवा प्रकाश पडला. पुढे ते गावोगाव हिंडून कागद गोळा करत राहिले. मालेचे २२ खंड झाले. त्यांचे संशोधनक्षेत्र म्हणजे मुख्यतः जुन्या घरांचे माळे, पेटारे आणि रद्दी.

१४/ विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठा हादरा बसला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि नंतर पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीला याच घटनांची पार्श्वभूमी आहे. घरांबरोबर कागदही जळाले, आणि बरीच कुटुंबे गाव सोडून शहरात गेली ती परतली नाहीत.

१५/ त्याहून खोल परिणाम कायद्यांचा झाला. १९४८ चा कूळकायदा. त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कुळे जमिनीची मालक बनली. १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने, १९५२ मध्ये व्यक्तिगत इनामे रद्द करणारे कायदे झाले. १९६२ च्या कायद्याने पाटलाचे महसुली पद संपले. वाड्याचा आर्थिक पाया पंधरा वर्षांत निघून गेला.

१६/ याला निव्वळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वतनाने एकाला वाडा दिला, त्याच व्यवस्थेने महार वतनाच्या नावाखाली दुसऱ्याला राबवले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याविरुद्ध विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. वाड्याची सदर ओस पडली, तेव्हा देवडीबाहेरच्या माणसाची पाठ थोडी सरळ झाली.

१७/ उरला तो वारसांचा प्रश्न. चार पिढ्यांत हिस्सेदार वाढले, बहुतेक दूर शहरांत. गावठाणावर शेतसारा नसल्याने तेथील घराला सातबारा नसे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरील नाव हाच अनेकदा आधार. मोजणी नाही, वाटणी नाही, दुरुस्तीचा खर्च मात्र सर्वांचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली. मोजणीने हक्क स्पष्ट होतो. त्याबरोबर विक्रीही सोपी होते.

१८/ भीतीचाही वाटा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद अनेकांच्या अंगावर कोसळले. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून सांभाळणारे छत एका पहाटे मारक ठरले. त्यानंतर मराठवाड्यात सिमेंटचे घर हा केवळ प्रतिष्ठेचा विषय राहिला नाही.

१९/ आता कायद्यातील विसंगती. खाजगी वाडा संरक्षित स्मारक नसेल, तर तो पाडण्यास पुरातत्त्व कायदा आड येत नाही. उलट १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत, शंभर वर्षे जुनी आणि इमारतीपासून सुटी झालेली वस्तूही येते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणजे उभा खांब कायद्याला दिसत नाही. तोच उखडून विकायला काढला की दिसू शकतो.

२०/ म्हणून वाडा अखंड क्वचितच विकला जातो. दारे, कोरीव खांब, तुळया आधी जातात. ती हॉटेलांत वा शहरी दिवाणखान्यांत दिसतात. भार लाकडावर असल्याने भिंती फार काळ तग धरत नाहीत. मग घडीव दगड, शेवटी भूखंड. माळ्यावरच्या बासनाला बाजारात भाव नसतो, म्हणून ते रद्दीत किंवा बंबात जाते. त्या वाड्यातली परत न मिळणारी वस्तू बहुधा तीच असते.

२१/ प्रत्येक वाडा वाचवता येणार नाही, आणि वारसांना तसे सांगण्याचा अधिकारही कोणास नाही. मात्र पाडण्यापूर्वी खणांची मापे, चौकाचा आराखडा, छायाचित्रे आणि वयस्करांकडून प्रत्येक दालनाचे नाव व तेथे कोण येत असे हे टिपून ठेवणे दोन दिवसांचे काम आहे. मोडी कागद भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे दाखवता येतात. ज्यांच्या गावी असा वाडा आहे, त्यांनी या दिवाळीत माळा एकदा उघडून पाहावा.