सप्रेसर लावला की सेमी-ऑटोमॅटिक रायफल का अडखळते? समजून घ्या गॅसचं गणित

जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर बदलला की चांगला मेकॅनिक कार्बोरेटरचं ट्यूनिंगही पुन्हा करून देतो. धूर बाहेर पडायची वाट बदलली की इंजिनाची चालही बदलते, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचंही तसंच आहे. नळीच्या तोंडावर सप्रेसर बसवला की आवाज कमी होतो, पण काही वेळा पुढची गोळी अडकते, रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही आणि गरम गॅस थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. असं का होतं आणि ते कसं जुळवतात, ते पाहूया. उदाहरण म्हणून अमेरिकेतली एआर-१५ रायफल घेऊ, कारण ही अडचण तिच्यात अगदी स्पष्ट दिसते.

सप्रेसर म्हणजे काय?

बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन संशोधकाला १९०९ मध्ये मिळालं. मॅक्झिम मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्झिम यांचा हा मुलगा. सप्रेसर म्हणजे आत एकामागोमाग एक आडपडदे बसवलेली नळी. गोळी मधल्या छिद्रातून सरळ निघून जाते, पण तिच्या मागचा गॅस या कप्प्यांमध्ये अडतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो.

सिनेमातल्यासारखा नुसता 'फुस्स' आवाज मात्र येत नाही. एआर-१५ चा आवाज नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सप्रेसर तो साधारण २० ते ३० डेसिबलने कमी करतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जात असेल, तर हवेत तिचा कडाका वाजतोच. तो सप्रेसरच्या हातात नसतो. अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात, म्हणून सप्रेसर असला तरी कानांना संरक्षण हवंच.

रायफल चालते कशावर?

एआर-१५ मध्ये .२२३ काडतूस फुटतं तेव्हा चेंबरमधला दाब ५५,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये तो ३०-३५ पीएसआय असतो, यावरून अंदाज करा. नळीला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. गोळी या छिद्रापुढे गेली की थोडा गॅस त्यातून एका नळीवाटे मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला मागे ढकलतो. बोल्टचं कुलूप उघडतं, पुंगळी बाहेर फेकली जाते, मागची स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये सरकवतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर हे सगळं होतं.

यात महत्त्वाची आहे ती वेळ. गोळी नळीबाहेर पडली की दाब झपकन खाली येतो आणि गॅसचा पुरवठा थांबतो. कारखान्यात छिद्राचं माप हे गृहीत धरूनच ठरवलेलं असतं. सप्रेसर लावला की गॅस पुढे तुंबतो, दाब सावकाश उतरतो आणि मागे येणारा गॅस वाढतो.

गॅस जास्त झाल्याची लक्षणं

- बोल्ट लवकर उघडतो. पुंगळी अजून चेंबरला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे तिची कड सोलली जाते किंवा फाटते.
- बोल्ट इतक्या वेगाने मागे-पुढे होतो की मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वेळेत वर ढकलू शकत नाही. मग काडतूस तिरकं अडकतं किंवा बोल्ट रिकामाच पुढे जातो.
- पुंगळ्या जोरात पुढच्या दिशेला उडतात.
- गॅस आणि काजळी मागच्या फटींतून डोळ्यांत, नाकात जाते.
- धक्का वाढतो आणि सुटे भाग लवकर झिजतात.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे व्हिएतनाम युद्धात दिसलं. तिथे सप्रेसरचा संबंध नव्हता. एम-१६ रायफल ज्या बारुदावर तयार झाली होती, त्याऐवजी काडतुसात वेगळी बारूद आली. गॅसचं गणित बदललं, बोल्टचा वेग वाढला. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलं नव्हतं. ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिकांचे जीव गेले आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. पुढे जड बफर आणि क्रोमचा चेंबर आला.

मग जुळवायचं कसं?

मार्ग मुख्यतः तीन आहेत.

१. गॅस कमी करणं: अॅडजस्टेबल गॅस ब्लॉकमध्ये स्क्रू किंवा खटका असतो. त्याने पाण्याच्या नळासारखा गॅस कमी-जास्त करता येतो. हा मूळ कारणावरचा उपाय आहे.

२. बोल्टला जड करणं: बोल्टमागच्या बफरचं वजन वाढवलं की तो उशिरा हलतो. साधा कार्बाइन बफर सुमारे ८५ ग्रॅमचा, एच-२ सुमारे १३० ग्रॅमचा असतो. जास्त ताकदीची स्प्रिंगही लावतात. पण गॅस मुळात तेवढाच राहतो, म्हणून तोंडावर येणारा धूर यातून फारसा हटत नाही.

३. सप्रेसर बदलणं: काही नव्या रचनांमध्ये गॅस अडवण्याऐवजी पुढच्या बाजूने वाहून नेतात. त्यामुळे मागे येणारा दाब कमी होतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी रायफल सप्रेसरशिवाय नीट चालते का ते बघतात. मग सप्रेसर लावून, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडतात. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहिला, तर गॅस पुरेसा आहे. मग गॅस थोडा थोडा कमी करत, बोल्ट अडकायचा थांबेपर्यंत जातात आणि तिथून परत वाढवतात.

खरी मेख: काठावर थांबू नका

बरेच जण इथेच चुकतात. धक्का अगदी कमी लागतो म्हणून ते गॅस जेमतेम पुरेल एवढाच ठेवतात. रेंजवर, स्वच्छ रायफलमध्ये, एकाच प्रकारच्या काडतुसांवर ती छान चालते. पण थंडी पडली, काजळी साचली किंवा काडतूस थोडं कमजोर निघालं की तीच रायफल अडते. म्हणून जुळवणी नेहमी वापरातल्या सगळ्यात कमजोर काडतुसावर करतात आणि वर थोडी शिल्लक ठेवतात.

हे शहाणपण नवं नाही. भारतीय लष्कराने अनेक वर्षं वापरलेल्या, ईशापूरला बनलेल्या एसएलआर रायफलला गॅस रेग्युलेटर होता. ती ज्या बेल्जियन एफएएल रायफलवर बेतली होती, तिचा नियम असा: रायफल नीट चालेल इतका गॅस सापडला की त्यावर आणखी दोन खटके वाढवायचे. हे दोन खटके म्हणजेच भरवसा.

कायद्याचं काय?

अमेरिकेत १९३४ च्या कायद्यापासून सप्रेसरची केंद्रीय नोंदणी लागते आणि काही राज्यांत तो नागरिकांना ठेवताच येत नाही. भारतात आवाज कमी करणारी जोडणी शस्त्र कायद्याखाली निषिद्ध वर्गात येते. त्यामुळे आपल्याकडे हा विषय समजून घेण्यापुरताच. पण यातलं सूत्र कुठल्याही यंत्राला लागू पडतं: एका टोकाला बदल केला की दुसऱ्या टोकाची जुळवणी पुन्हा तपासायची, आणि ती करताना काठावर न थांबता थोडी शिल्लक ठेवायची.