पांच बोटें आणि सहा स्वर

महोत्सवाच्या अंकांत बांधकामाच्या हकीकती, देणगीदारांच्या याद्या आणि धर्मगुरूंचीं छायाचित्रें असावयाचींच, तीं असावींत. परंतु मंदिराच्या भिंतींआड जें गायिलें जातें त्यालाहि इतिहास असतो, आणि तो कोणी सांगितला नाहीं तर लवकर विसरला जातो. म्हणून या पानांवर मीं एका अगदीं लहान विषयाचा इतिहास सांगावयाचें योजिलें आहे: मूल पियानोवर आपलें पहिलें साधें गाणें कसें शिकतें, आणि त्या शिकण्याशीं आपल्या ख्रिस्तसभेचा काय संबंध आहे.

ज्या गाण्यानें असंख्य मुलांनीं आरंभ केला, तें इंग्रजी शाळांतून ताऱ्याचें गाणें म्हणून सर्वांस परिचित आहे. त्याची चाल मात्र फ्रेंच असून ती १७६१ मध्यें छापली गेली. ताऱ्याचे शब्द मागाहून जोडले गेले. ते जेन टेलर या इंग्रज कवयित्रीच्या १८०६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कवितेचे. मधल्या काळांत, १७८१-८२ च्या सुमारास, मोझार्टनें याच चालीचीं बारा निरनिराळीं रूपें पियानोसाठीं रचलीं. एवढ्या थोर संगीतकारास जी चाल क्षुल्लक वाटली नाहीं, ती आपणांसहि वाटूं नये.

तिची रचना पाहा. षड्जापासून निघून ती एकदम पंचमावर उडी घेते, धैवतास स्पर्श करून परत फिरते आणि मग एकेक पायरी उतरत षड्जावर येऊन विसावते. निषाद तींत मुळींच नाहीं. स्वर सहा, हाताला बोटें मात्र पांच. अंगठा षड्जावर ठेवून बोटें ओळीनें पांच पट्ट्यांवर मांडलीं कीं करंगळी पंचमावर येते आणि धैवत तिच्या पलीकडे राहतो. तेथें हात किंचित् पसरावा लागतो. मूल प्रथम अडखळतें तें नेमकें येथेंच.

हे सहा स्वर ख्रिस्तसभेच्या घरांतलेच आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलींत ग्विदो नांवाचे बेनेडिक्टाइन मठवासी होऊन गेले. आरेत्सो या नगरावरून ते ओळखले जातात. मुलांना स्तोत्रें शिकवितांना त्यांना एक गोष्ट फार खुपे. मुलें वर्षानुवर्षें गुरूच्या तोंडून ऐकून चाली पाठ करीत, आणि गुरु जवळ नसला कीं एक नवी ओळहि त्यांना गातां येत नसे. यावर त्यांनीं उपाय काढिला तो असा. संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाचें एक लॅटिन स्तोत्र त्यांनीं घेतलें. त्यांतील सहा खंड एकापेक्षां एक चढत्या स्वरावर सुरू होतात. त्यांच्या आद्याक्षरांवरून उत्, रे, मी, फा, सोल्, ला हीं नांवें निघालीं; पुढें ‘उत्’च्या जागीं ‘दो’ आला. आपल्या शुद्ध सा, रे, ग, म, प, ध यांची जी चढण, तीच यांची. मुलानें हें एक स्तोत्र पक्कें केलें कीं कोणताहि अनोळखी स्वर त्याला त्यांतील जागेवरून ओळखतां येई.

पूर्वी दहा वर्षांतहि अपुरें राहणारें शिक्षण आतां एक, फार तर दोन वर्षांत पुरें होतें, असें ग्विदो यांनीं एका मठबंधूस पत्रानें कळविलें. त्याच पत्रांत पोप एकोणिसावे जॉन यांची हकीकत आहे. पोपमहाशयांनीं त्यांना रोमला बोलावून घेतलें, त्यांचा स्वरलिपीचा ग्रंथ चाळला, आणि पूर्वीं कधीं न ऐकलेली एक ओळ स्वतः गातां येईपर्यंत ते जागेवरून उठले नाहींत. ख्रिस्ताच्या प्रतिनिधीलाहि त्या दिवशीं मूल व्हावें लागलें.

हें स्वरशिक्षण समुद्रमार्गें आपल्या किनाऱ्यावरहि आलें. १५४५ पासून गोव्यांत चर्चच्या आश्रयानें पॅरिश-शाळा उघडूं लागल्या. तेथें मुलें अक्षरओळख व धर्मशिक्षण यांच्या जोडीनें स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकत. या शाळांच्या पुण्याईनें गोव्याचे वादक दूरदूरच्या बँडांत, आणि पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत गेले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील गांवच्या चर्चमध्यें गायनवृंदाचे प्रमुख होते. त्या घरांतील मुलानें पुढें प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें, आणि १९७७ च्या एका सुप्रसिद्ध चित्रपटगीतांत शिष्यानें गुरूचें नांव घराघरांत पोहोंचविलें.

आतां वाद्यांकडे वळूं. पियानो फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनीं १७०० च्या सुमारास घडविला. बोटाच्या दाबाप्रमाणें हळू वा मोठा नाद देणें हें त्याचें वैशिष्ट्य, आणि नांवहि त्यावरूनच पडलें. आपली पेटी त्याहून धाकटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसचे अलेक्सांद्र दबें यांनीं ती पायभात्यासह सिद्ध केली. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभाता बसविला, आणि ती मांडी घालून वाजवितां येऊं लागली. पट्ट्यांची मांडणी दोहोंची एकच. म्हणून पियानोवर उजव्या हातानें शिकलेलें गाणें पेटीवर तसेंच उतरतें. डावा हात भात्यासाठीं मोकळा राहतो.

दोन्ही वाद्यांना बहिष्कारहि सोसावा लागला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढून पियानोस मंदिरांत मज्जाव केला. १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें पेटीस बंदी केली. ती १९७१ मध्यें शिथिल झाली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत ऑर्गनचा मान कायम ठेविला, तथापि उपासनेस शोभतील अशा अन्य वाद्यांनाहि वाट मोकळी करून दिली, आणि मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताचा आदर करावयास सांगितलें. आपल्या झाडीपट्टींतील दंडार आणि खडी गंमत ऐकत वाढलेल्या मुलांना तो शब्द उद्देशून आहे, असें मी मानतों.

हा सारा इतिहास मोहाडीस कशाला, असें कोणी विचारील. आपल्या मंदिरांत पेटी आहे, विजेवर चालणारा कीबोर्डहि आहे. वाजविणारे हात मात्र फार थोडे उरले आहेत. गेल्या नाताळांत गायनवृंदानें मोबाइलमधील तयार संगीतावर गीतें गायिलीं. सूर कोठें चुकला नाहीं. परंतु एका गीतांत आपल्या एक वृद्ध भगिनी श्वास घेण्यास थांबल्या, तेव्हां तें संगीत त्यांच्यासाठीं थांबलें नाहीं. पेटीवाला थांबला असता.

मी सेमिनरींत गेलों तेव्हां माझीं बोटें शेतकामानें राठ झालेलीं होतीं. “हीं नांगरासाठीं आहेत, पियानोसाठीं नव्हेत,” असें मला ऐकावें लागलें, आणि कित्येक महिने मी पियानोपाशीं फिरकलों नाहीं. अखेर एकांतांत तेंच सहा स्वरांचें गाणें शिकलों. करंगळी धैवतापर्यंत पोहोंचावयास मला पंधरा दिवस लागले. त्याच वेळीं मला धानाची रोवणी आठवली. चिखलांत वांकून एकेक पऱ्हा आपल्या जागीं लावावयाचा, घाई करावयाची नाहीं, आणि मागें वळून पाहावें तों ओळ उभी राहिलेली असते. नांगर धरणाऱ्या बोटांना ही विद्या अगोदरच ठाऊक होती.

आईबापांना माझी विनंति एवढीच आहे. या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या घरचें एक मूल रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास मंदिरांत ठेवावें. फी नाहीं, परीक्षा नाहीं. आरंभ त्या एका गाण्यानें होईल, आणि तें सहा स्वरांपलीकडे जाणार नाहीं. मी स्वतः शेजारीं बसेन. ज्याची करंगळी अडखळेल त्याला कोणी हंसणार नाहीं, हें मी पाहीन. पुढील नाताळांत त्यांपैकीं एका मुलाला जरी गव्हाणीपाशीं एक गीत वाजवितां आलें, आणि म्हातारीं माणसें थांबलीं तर त्यांच्यासाठीं थांबतां आलें, तर आपला महोत्सव प्रभूच्या चरणीं रुजू झाला असें मी समजेन.