आकडा जुळेना, म्हणून विंडोज एक्सपी

मागच्या वर्षी आमच्या लॅबमधल्या एका जुन्या प्रबंधातला आकडा मला पुन्हा काढायचा होता. एका सीनियरने २००३ साली लिहिलेला फोरट्रान कोड हाताशी होता. नव्या कंपायलरवर तो चालला, पण उत्तर जुळेना. माझंच काहीतरी चुकतंय असं धरून दोन आठवडे घालवले. शेवटी जुन्या सीडीवरची मूळ ईएक्सई फाइल व्हर्च्युअल मशीनमध्ये, विंडोज एक्सपीवर चालवली. आकडा शेवटच्या दशांशापर्यंत जुळला!

भानगड अशी होती की जुना प्रोग्रॅम दशांशाची गणितं ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये करायचा आणि नवा कंपायलर ६४ बिटांत करतो. कर्व्ह फिटिंगच्या दर फेरीत तो बारीक फरक साचत गेला. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र जुन्या फाइलमधले आदेश जसेच्या तसे खऱ्या प्रोसेसरवर चालतात.

हे तंत्र आपल्याला कालपरवाचं वाटतं. प्रत्यक्षात १९६४च्या अखेरीस आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी त्यावर काम सुरू केलं. त्यांची सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७पासून वापरात आली आणि एका संगणकाचे १४ संगणक ‘भासवू’ लागली. १९७२मध्ये व्हीएम/३७० बाजारात आल्यावर ग्राहक एकाच यंत्रावर जुनी सिस्टिम चालू ठेवून शेजारी नवी तपासू लागले. म्हणजे आपण करतो तेच.

मग आपल्या साध्या पीसीवर हे यायला १९९९ का उजाडलं? पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४मध्ये एक अट मांडली होती: यंत्राच्या ताब्याला हात लावणारा प्रत्येक आदेश पाहुण्या सिस्टिमने दिला, की प्रोसेसरने थांबून मालकाला कळवलं पाहिजे. इंटेलचा x८६ इथेच नापास. त्याचा ‘पॉपएफ’ हा आदेश अधिकार नसताना दिला, तर इंटरप्ट चालू-बंद करण्याचा भाग गुपचूप गाळला जातो, तक्रारच होत नाही. व्हीएमवेअरने असे आदेश चालता चालता बदलून वाट काढली. प्रोसेसरमध्येच सोय आली ती २००५-०६मध्ये. (पोपेक-गोल्डबर्गचा पेपर छोटा आहे, जरूर वाचा.)

पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे जुना पीसी नव्हे. उपकरणाला जोडलेलं जुनं आयएसए कार्ड त्याला दिसत नाही. सॉफ्टवेअर सन कंपनीच्या स्पार्क वर्कस्टेशनचं असेल तर प्रोसेसरच वेगळा. तिथे क्यूईएमयूसारखा एम्युलेटर लागतो, म्हणजे एकेक आदेशाचं भाषांतर. तो अर्थातच हळू चालतो.

माझ्या एक्सपीच्या इमेजचं नेटवर्क मी बंद ठेवलंय, कारण तिला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. शेजारी एक टेक्स्ट फाइल आहे: कंपायलरची आवृत्ती, त्याचे पर्याय, इनपुट फाइलची तारीख. सीनियरच्या सीडीवर यातलं काहीच नव्हतं.