एका घराण्याच्या दोन मोटारी



मोटारीचें इंजिन कोठें ठेवावें हा प्रश्न यंत्रज्ञांचा खरा; पण ओझें कोठें ठेवावें हें आमच्या धर्मापुरीकडील बैलगाडीवालाही जाणतो. माल मागें सरकला कीं गाडी उलाळ होते. पुढें सरकला कीं भार बैलांच्या मानेवर येतो. मोटारीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. काठीच्या दोन्ही टोकांना धोंडे बांधून ती मधोमध धरून गरकन् फिरवूं गेलें तर मनगट दुखतें. तेच धोंडे मुठीजवळ आणले तर काठी सहज फिरते. जड इंजिन बैठकीच्या मागें, पण मागील आसाच्या पुढें ठेवलें, म्हणजे मोटार वळणावर अशीच चपळाईनें वळते. १९६६ सालीं लॅम्बोर्गिनीच्या मिउरा मोटारीनें ही युक्ति गाजविली. परंतु ती धनिकांची चीज होती.

बेताच्या किंमतीची अशी मोटार १९७२ सालीं ट्युरिनच्या फियाट कंपनीनें काढली. तिचें नांव एक्स १/९. आकार बेर्तोने यांच्या कारखान्यांतील मार्चेल्लो गांदिनी यांनीं दिला. मिउराही त्यांच्याच हातची. इंजिन मात्र नवें नव्हतें. फियाटच्या १२८ या घरगुती मोटारींत पुढें आडवें बसणारें १२९० घनसेंटिमीटरचें इंजिन गिअरपेटीसह उचलून बैठकीमागें बसविलें, एवढेंच. किती साधी युक्ति! छप्पर काढून ठेवण्यास पुढें जागा, सामानास मागें जागा. ही मोटार १९८९ पर्यंत निघत होती.

आतां ही १२८ कोणाच्या जागीं आली, तें पाहूं. १९६९ सालीं इटलींत तिनें फियाट ११०० ला निवृत्त केलें. हीच ११०० आपल्या मुंबईची ‘फियाट’.

तिच्या येथील जन्मामागें सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची जिद्द आहे. मोटारीचा स्वदेशी कारखाना काढण्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनीं त्यापूर्वींच मांडली होती. १९४० सालीं वालचंदांनीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार केला. पण युद्ध पेटलेलें असूनही ब्रिटिश सरकारनें या उद्योगास युद्धोपयोगी मानलें नाहीं. पाठबळ तर दूरच. ज्या सरकारला हजारों लष्करी गाड्या हव्या होत्या, त्यानेंच येथें त्या बनूं नयेत असें वागावें, यांत मला तरी धोरणापेक्षां धास्ती अधिक दिसते. तरीही १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं मोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें फियाटशीं संबंध जुळला. वालचंद १९५३ सालीं निवर्तले. ११०० चें वैभव त्यांनीं पाहिलें नाहीं.

१९६४ पासून ‘डिलाइट’ नांवानें निघालेली ११०० चार सिलिंडरांची, १०८९ घनसेंटिमीटरची. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, म्हणून पुढील सलग बाकावर चालकाशेजारीं दोघे दाटीवाटीनें बसत. एक्स १/९ इटलींत अवतरली त्याच १९७२ सालीं कुर्ल्यास या जुन्या मोटारीचें नांव तेवढें बदललें: ‘प्रीमियर प्रेसिडेंट’. १९७४ सालीं ती ‘पद्मिनी’ झाली. नामकरण गोड, यंत्र तेंच!

दोष कारागिरांचा मानणें अन्यायाचें होईल. किती मोटारी काढाव्या याचा परवाना सरकारचा, परदेशी मोटारींना दार बंद, आणि ग्राहक नांव नोंदवून वर्षांनुवर्षें ताटकळत उभा. न मागतां गिऱ्हाईक मिळत असेल, तर नवें यंत्र कोण काढील? १९८३ सालीं मारुति आली आणि ही निश्चिंति मोडली. पद्मिनीचें उत्पादन शतक सरतां सरतां थांबलें.

तथापि जुनेपणाचा एक लाभ झाला. तिचें अंतरंग इतकें परिचयाचें होतें कीं रस्त्याकडेचा मिस्त्रीही तें उघडून बसवी. म्हणून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं तिला सोडलें नाहीं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मुदत असल्यानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाहीं.