इरादा, उद्देश आणि नियत

इंग्रजीत 'इंटेंड' हे साधे क्रियापद आहे. एखादी गोष्ट करण्याचे मनात असणे, एवढाच त्याचा अर्थ. ते चांगल्या कामाला लागते, तसे वाईटालाही. मराठीत यासाठी एक क्रियापद नाही. आपण बेत आखतो, हेतू धरतो, इरादा ठेवतो, मनसुबा रचतो.

यातले काही शब्द संस्कृतातून आले, काही अरबीतून फारसीच्या वाटेने. अरबीत 'इरादा' ज्या धातूपासून झाला, त्याच धातूपासून चाऱ्या-पाण्याच्या शोधात टोळीच्या पुढे जाणाऱ्या माणसाचे नाव झाले. 'मनसुबा' म्हणजे बुद्धिबळातला मांडलेला डाव. आपल्या 'मन' शब्दाशी त्याचे मूळचे नाते नाही. 'मसलत' म्हणजे हिताची गोष्ट. 'मतलब' म्हणजे जे हवे आहे ते. यातल्या एकाही शब्दात मुळात कपट नाही.

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचे गाव. हा मुलूख १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. तेव्हाच्या मराठी कागदांत, मोडी लिपीत, हे शब्द सर्रास येत. पेशवाईच्या पत्रांत तर 'मसलत' म्हणजे थेट मोहीम. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात अशा शब्दांपुढे मूळ भाषेची खूण आहे, पण शब्द मराठी म्हणूनच घेतले आहेत. आपल्या खेड्यापाड्यांत आजही 'नियत तशी बरकत' असे म्हणतात. नियत अरबी, बरकत अरबी, पण म्हण सगळ्यांची.

पुढे मात्र शब्दांची वाटणी झाली. आजचे वर्तमानपत्र उघडा. सरकारी योजनेला 'उद्देश' असतो, संस्थेला 'ध्येय' असते. 'इरादा' बहुधा गुन्ह्याच्या बातमीत भेटतो: चोरीच्या इराद्याने, खुनाच्या इराद्याने. मतलबाचा 'मतलबी' झाला. नियत आठवते ती फिरल्यावर. मनसुबे तर उधळण्यासाठीच असतात! संस्कृत शब्द सभेत बसले आणि अरबी शब्द पोलीस ठाण्यात. हे कोणी ठरवून केले असे नाही, पण वापराने घडले खरे.

कायद्याला अशी वाटणी चालत नाही. भारतीय दंडसंहिता १८६० ची. ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तोही १८६२ मध्येच. या संहितेत चोरीची व्याख्या याच 'इंटेंड' क्रियापदाने सुरू होते. नुसती वस्तू उचलली म्हणून चोरी होत नाही. अप्रामाणिकपणे घेण्याचा इरादा लागतो. मनुष्यवधाच्या कलमांत इरादा वेगळा आणि परिणामाची जाणीव वेगळी मानली आहे. मन कोणाला दिसत नाही, म्हणून न्यायालय कृती पाहते: हत्यार कोणते, घाव कुठे, आधी काय घडले. आरोपीचे नाव किंवा मोहल्ला हा इराद्याचा पुरावा नाही. २०२४ च्या १ जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, तरी हे तत्त्व तसेच आहे.

इस्लामी परंपरेतही नियत मध्यभागी आहे. सहीह बुखारी या हदीससंग्रहाची सुरुवातच, कर्माचे मोल नियत पाहून ठरते, या आशयाच्या वचनाने होते. पण ती नियत अल्लाह जाणतो. शेजाऱ्याच्या मनाचा झाडा घेण्याचा परवाना त्यातून कोणाला मिळत नाही. हे आपल्या लोकांनीही ध्यानात ठेवावे.

आमच्याच जिल्ह्यात पवनारला विनोबा राहत. कुराण समजून घ्यायचे म्हणून ते अरबी शिकले आणि पुढे 'कुराण सार' सिद्ध केले. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ठरवण्याआधी त्याचा शब्द नीट ऐकण्याची ही रीत आहे. रोज कोणाच्या तरी इराद्यावर शंका घेतली जाते, अशा दिवसांत ती रीत आपण सोडू नये.