लॅपटॉपचे पोर्ट घटले, उपकरणे तीच : नव्या यंत्राला जुनी साधने कशी जोडावीत

लॅपटॉप संगणक जसजसे सडपातळ होत गेले तसतशी त्यांच्या कडेवरील पोर्टची संख्या घटत गेली. एकेकाळी एकाच यंत्राला यूएसबीचे तीन-चार पोर्ट, मॉनिटरसाठी व्हीजीए, नेटवर्कच्या केबलसाठी स्वतंत्र जागा, मेमरी कार्डाची खाच आणि सीडी ड्राइव्ह असा सारा सरंजाम असे. आज बाजारात येणाऱ्या अनेक यंत्रांना यूएसबी-सी प्रकारचे दोन पोर्ट आणि हेडफोनचे एक छिद्र याखेरीज काही नसते. घरातला प्रिंटर, कार्यालयातला प्रोजेक्टर, करसल्लागाराचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि छायाचित्रांनी भरलेली हार्ड डिस्क मात्र जुन्याच जोडणीची असते. नवे यंत्र घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ही अडचण लक्षात येते आणि घाईघाईने मिळेल तो अडॅप्टर विकत घेतला जातो. तो बहुधा एका कामाला उपयोगी पडतो आणि दुसऱ्या कामात अडतो.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. यूएसबीचे पहिले प्रमाणक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी प्रिंटरची जोडणी वेगळी, माउसची वेगळी आणि मोडेमची वेगळी होती. ही विविधता मोडून एकच जोडणी आणण्याच्या इंटेल कंपनीतील कामात अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. यूएसबीचा चपटा प्लग पहिल्या प्रयत्नात हमखास उलटा बसतो, ही जगभरची तक्रार. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, असे स्पष्टीकरण भट्ट यांनी पुढे दिले. ती उणीव ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झालेल्या यूएसबी-सी प्रमाणकाने दूर केली. या लहानशा जोडणीत २४ संपर्कबिंदू आहेत आणि ती कोणत्याही बाजूने बसते.

लॅपटॉप उत्पादकांनी तिचा लाभ वेगळ्याच अर्थाने घेतला. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या १२ इंची मॅकबुकला यूएसबी-सीचा एकच पोर्ट होता. चार्जिंग, मॉनिटर आणि पेन ड्राइव्ह या साऱ्यांनी पाळीपाळीने तो वापरायचा होता. २०१६ च्या मॅकबुक प्रोवरही यूएसबी-सीखेरीज केवळ हेडफोनची जोडणी उरली. विंडोजवर चालणारी सडपातळ यंत्रे त्याच वाटेने गेली. व्यावसायिक ग्राहकांची नाराजी इतकी टिकून राहिली की २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये ॲपलने एचडीएमआय आणि मेमरी कार्डाची खाच परत आणली. हलक्या आणि स्वस्त यंत्रांच्या वाट्याला मात्र मोजकेच पोर्ट राहिले.

आकार एक, कुवत निराळी

यूएसबी-सी हे केवळ जोडणीच्या आकाराचे नाव आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. त्या आकारामागे कोणत्या सोयी दिल्या आहेत हे उत्पादक ठरवतो. एखादा पोर्ट माहितीची ने-आण, चार्जिंग आणि मॉनिटर अशी तिन्ही कामे करतो. दुसरा, दिसायला हुबेहूब तसाच, केवळ माहितीची ने-आण करतो. काही वेळा एकाच लॅपटॉपच्या दोन पोर्टमध्येही हा भेद आढळतो.

वेगातही मोठे अंतर आहे. एप्रिल २००० मधील यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट होती. २००८ च्या यूएसबी ३.० ने ती ५ गिगाबिटवर नेली. पुढे १०, २० आणि २०१९ च्या यूएसबी ४ मध्ये ४० गिगाबिटपर्यंत मजल गेली. इंटेलचे थंडरबोल्ट ३ हे तंत्रही २०१५ पासून याच आकाराची जोडणी वापरते आणि त्याचा वेगही ४० गिगाबिट आहे. दरम्यान यूएसबी ३.० चे नाव आधी ३.१ जेन १ आणि नंतर ३.२ जेन १ असे बदलण्यात आले. वेग तोच, नावे तीन, हा नामकरणाचा प्रकार ग्राहकाच्या मुळीच हिताचा नाही. म्हणून खोक्यावरील आवृत्तीच्या क्रमांकाऐवजी गिगाबिटचा आकडा पाहावा.

आपल्या पोर्टची कुवत जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची तांत्रिक माहिती वाचणे. तेथे ‘पॉवर डिलिव्हरी’ असा उल्लेख असेल तर त्या पोर्टवरून चार्जिंग होते. ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असे लिहिले असेल तर मॉनिटर जोडता येतो. पोर्टशेजारी कोरलेली चिन्हेही सूचक असतात. बाण असलेली वीज हे थंडरबोल्टचे चिन्ह आहे आणि इंग्रजी ‘डी’ व ‘पी’ ही अक्षरे गुंफलेले चिन्ह मॉनिटरची सोय दर्शवते. कित्येक यंत्रांवर चिन्हेच नसतात, आणि चिन्ह नाही म्हणजे सोय नाही असेही नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसाठी प्रमाणित होणाऱ्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये माहिती, चार्जिंग व मॉनिटर या तिन्ही सोयी असाव्यात, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले. आधी विकल्या गेलेल्या यंत्रांच्या मालकांना मात्र कागदपत्रेच तपासावी लागतात.

साधा अडॅप्टर पुरतो तेव्हा

माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांना फारसा वेग लागत नाही आणि वीजही थोडीच लागते. एका वेळी एकच साधन वापरायचे असेल तर सी-पासून जुन्या ए-प्रकाराकडे नेणारा छोटा अडॅप्टर पुरेसा होतो. तो काही शे रुपयांत मिळतो. निविदा किंवा विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही तर दोष अडॅप्टरचाच असतो असे नाही. नव्या संगणकावर त्या टोकनचे सॉफ्टवेअर स्थापित करावे लागते आणि हे काम बहुधा विसरले जाते. मुदतीच्या आधी काही दिवस एकदा स्वाक्षरी करून पाहणे श्रेयस्कर.

प्रिंटरच्या बाबतीत त्याहून सोपा उपाय आहे. प्रिंटरच्या मागची जोडणी चौकोनी, म्हणजे बी-प्रकारची असते. एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला बी असलेली केबल बाजारात मिळते. जुनी केबल बदलली की मध्ये अडॅप्टर लागतच नाही. वाय-फाय असलेला प्रिंटर किंवा ब्लूटूथचा माउस असेल तर पोर्टचा प्रश्नच उद्भवत नाही.

हब आणि डॉक

एकाच वेळी अनेक साधने जोडायची झाल्यास हब घ्यावे लागते. लॅपटॉपच्या एका पोर्टमध्ये ते लावले की ए-प्रकारचे दोन-तीन पोर्ट, एचडीएमआय, मेमरी कार्डाची खाच, नेटवर्कची जोडणी आणि चार्जिंगचा सी-पोर्ट उपलब्ध होतो. ही सारी साधने लॅपटॉपचा एकच पोर्ट वाटून घेतात, हे हबच्या जाहिरातीत सहसा ठळकपणे सांगितले जात नाही. पाच गिगाबिटच्या हबवर दोन हार्ड डिस्क एकाच वेळी चालवल्या तर दोघींना मिळून तेवढाच वेग मिळतो. स्वस्त हबमधील काही पोर्ट तर यूएसबी २.० चेच असतात. ते माउस-कीबोर्डसाठी ठेवून हार्ड डिस्क वेगवान पोर्टवर लावावी. नेटवर्कची जोडणी १०० मेगाबिटची आहे की १००० ची, हेही घेण्यापूर्वी पाहावे. घरात वेगवान इंटरनेट असेल तर पहिल्या प्रकारात त्याचा मोठा भाग वाया जातो. डॉकिंग स्टेशन हे हबचेच थोरले भावंड. त्याला स्वतःचा वीजपुरवठा असतो, ते टेबलावर कायम राहते आणि किंमतही अर्थातच जास्त असते.

मॉनिटरच्या जोडणीत ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते. हबच्या खोक्यावर ‘४के’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण त्यापुढे ३० हर्ट्झ आहे की ६०, हे बारीक अक्षरांत दडलेले असते. ३० हर्ट्झवर पडद्यावरील बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. याचे कारण जोडणीच्या रचनेत आहे. यूएसबी-सीमध्ये अतिवेगवान चार मार्गिका असतात. हब त्यातील दोन चित्रासाठी आणि दोन माहितीसाठी राखते. लॅपटॉपचे डिस्प्लेपोर्ट १.२ आवृत्तीचे असेल तर दोन मार्गिकांत ४के चित्र ३० हर्ट्झवरच मावते. १.४ आवृत्तीच्या लॅपटॉपला, हबही तेवढ्याच कुवतीचे असल्यास, ६० हर्ट्झ मिळू शकते. म्हणजे हब चांगले असून चित्र अडखळत असेल तर मर्यादा लॅपटॉपची असू शकते. साध्या फुल एचडी मॉनिटरला ही अडचण येत नाही.

दोन मॉनिटर लावू पाहणाऱ्यांनी अधिक सावध असावे. एचडीएमआयच्या दोन जोडण्या असलेले सामान्य हब विंडोजवर दोन वेगळी चित्रे दाखवू शकते, पण मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटते. शिवाय २०२० ची एम१ आणि २०२२ ची एम२ ही मूळ चिप असलेले मॅकबुक एअर एकाच बाहेरील मॉनिटरला आधार देतात. डिस्प्लेलिंक चिपचे डॉक वापरून ही मर्यादा ओलांडता येते. ते चित्राची माहिती दाबून साध्या यूएसबीवरून पाठवते, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते आणि काही संरक्षित चित्रपट त्यावर दिसत नाहीत.

महाविद्यालयांत आणि शासकीय कार्यालयांत व्हीजीएचे प्रोजेक्टर अद्याप आढळतात. त्यांच्यासाठी सी-पासून व्हीजीएकडे नेणारा अडॅप्टर घ्यावा. एचडीएमआयपासून व्हीजीएकडे नेणारा परिवर्तक एकाच दिशेने चालतो, उलट दिशेने नाही. व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात पोहोचल्यावर हे उमगून उपयोग नसतो.

वीज आणि माहितीची सुरक्षा

पॉवर डिलिव्हरीच्या पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलून व्होल्टेज ठरवतात. ५ व्होल्टपासून सुरुवात होऊन २०२१ पूर्वी ते २० व्होल्टपर्यंत जात असे. ही कमाल मर्यादा १०० वॉट होती, २०२१ च्या सुधारणेने ती २४० वॉट झाली. चार्जर हबमधून लावल्यास हब स्वतःसाठी काही वॉट राखून ठेवते. ६५ वॉटचा चार्जर लावूनही लॅपटॉपला त्याहून कमी वीज पोहोचते आणि जड काम चालू असता बॅटरी उतरू लागते. हबवरील ‘१०० वॉट’ हा आकडा त्याला पेलणाऱ्या कमाल विजेचा आहे, लॅपटॉपला मिळणाऱ्या विजेचा नव्हे.

याहून गंभीर बाब अशी की चार्जरची केबल हबला लावताना किंवा काढताना अनेक हब क्षणभर वीज तोडतात. त्याच क्षणी हार्ड डिस्कवर फाइल उतरत असेल तर ती फाइल, प्रसंगी डिस्कवरील सारी मांडणी, बिघडू शकते. लग्नाची छायाचित्रे किंवा वर्षाचे हिशेब उतरवताना चार्जरला हात लावू नये आणि डिस्क काढण्यापूर्वी संगणकाला ‘इजेक्ट’ची सूचना द्यावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हबवर मध्येच बंद पडून टकटक आवाज करीत असेल, तर तिला वीज अपुरी पडते आहे असा संशय प्रथम घ्यावा. अशी डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावी किंवा स्वतंत्र वीजपुरवठ्याचे हब वापरावे.

केबलचेही असेच आहे. फोनसोबत आलेली सी-प्रकारची केबल बहुधा चार्जिंगसाठीच बनवलेली असते आणि माहिती यूएसबी २.० च्याच वेगाने नेते. मॉनिटर तर तिच्यावर चालतच नाही. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह नेणाऱ्या केबलमध्ये तिची कुवत सांगणारी चिप असावी लागते. निकृष्ट केबलचा धोका काल्पनिक नाही. गुगलमधील अभियंता बेन्सन लियुंग यांनी २०१५ मध्ये ॲमेझॉनवरील यूएसबी-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासण्यास आरंभ केला. अनेक केबलमध्ये ५६ किलो-ओहमऐवजी कमी क्षमतेचा रोधक बसवलेला त्यांना आढळला. २०१६ च्या फेब्रुवारीत चुकीच्या तारा जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. त्यानंतरच्या महिन्यात ॲमेझॉनने प्रमाणकाबाहेरच्या अशा केबलच्या विक्रीवर बंदी घातली.

आणखी एक चमत्कारिक दोष सांगण्यासारखा आहे. हब लावल्यावर बिनतारी माउस अडखळू लागतो आणि ग्राहक माउसची बॅटरी बदलत बसतो. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. माउसचा चिमुकला रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारून काढून दुसऱ्या बाजूच्या पोर्टवर किंवा छोट्या वाढीव केबलवर लावला की बहुधा भागते.

भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सी जोडणीसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ हे भारतीय मानक प्रसिद्ध केले. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार फोन व तत्सम साधनांना २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक झाले, तर लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. हा युरोपीय नियम चार्जिंगपुरता आहे. यंत्राला किती पोर्ट द्यावेत आणि त्यातील कितींवर मॉनिटर चालावा, याविषयी तो काही सांगत नाही.